बाबा मजेत आहेत

१

"हे आज सकाळी झालेलं नाही," इमर्जन्सीतली डॉक्टर म्हणाली.

सुनेत्राला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. दुपारीच ती आणि तिचा नवरा देवेश व्हिएन्नाहून टोरांटोला उतरले होते, तिथून गाडीने किचनरला घरी पोचले होते. दार उघडलं तर समोर बाबा सोफ्यावर बसलेले, उजव्या हाताला जाडजूड पट्टी. त्यांच्यासाठी आणलेले लोकरीचे मिटन्स, चारही बोटं एकाच पिशवीत मावणारे हातमोजे, देवेशने तिथेच बॅगेतून काढले, त्यातला एक पट्टीवरून अलगद चढवला, आणि कोट न काढताच सगळे इकडे आले होते.

डॉक्टरने आता ती पट्टी सोडली होती. तर्जनी आणि मधलं बोट टोकाकडे काळंनिळं पडलं होतं. फोड रक्ताने भरून सुकायला लागले होते.

"फ्रॉस्टबाइट आहे, थंडीने बोटं गोठली आहेत. पण कातडी अशी काळी पडायला काही दिवस जातात. ज्या दिवशी झालं त्याच दिवशी आणलं असतं, तर रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध देता आलं असतं. आता ती वेळ गेली."

"बोटं वाचतील ना?" सुनेत्राने विचारलं.

"शेंडे बहुतेक जातील. किती, ते काही आठवड्यांनी कळेल."

बाबा खाटेच्या काठावर पाय लोंबकळत ठेवून बसले होते. नंदकुमार खानझोडे. नागपूरच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेले. अलीकडे त्यांना मुलीचं नाव कधी आठवायचं, कधी नाही, पण हातात पेन्सिल दिली की हात काही विसरत नसे. बाभळीचं झाड, त्याखाली टेकलेली सायकल, तिची एकेक तार. सकाळी नाश्ता झाला की ते रोज एक नवं चित्र काढत.

पडद्यापाशी सुनेत्राचा धाकटा भाऊ शैलेंद्र उभा होता. तो रिचमंड हिलला राहायचा. हा आठवडाभर बाबांजवळ राहण्याची जबाबदारी त्याची होती.

"शैलू, तू म्हणालास आज सकाळी."

"सकाळीच ताई! मी वॉशरूममध्ये होतो. आलो तर साइड डोअर उघडं, बाबा बाहेर. पाच मिनिटं असतील."

"मग डॉक्टर खोटं बोलतेय?"

शैलेंद्र पडद्याची कड चाळवत राहिला. तेवढ्यात गाडी पार्क करून देवेश आत आला. त्याने एकदा सगळ्यांचे चेहरे पाहिले, सुनेत्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "साइड डोअर तर अनुप वापरतो ना?"

अनुप म्हणजे त्यांच्या बेसमेंटमधला भाडेकरू. आणि अनुप आदल्याच दिवशी, कोणाला न भेटता, पश्चिम कॅनडातल्या सरेला बहिणीकडे निघून गेला होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्ती कांबळे आली. तिने दारातच बूट काढले, ओव्हरकोट खुर्चीवर टाकला आणि आधी बाबांपाशी गेली.

"सर, ओळखलं का?"

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "इंटरमिजिएटला बसली होतीस. रंग फार पातळ करायचीस."

दीप्ती हसली, पण तिचे डोळे भरले. ती खरंच त्यांची विद्यार्थिनी होती. ड्रॉइंगच्या परीक्षेची फी घरून मिळाली नाही, तर सरांनी परस्पर भरून टाकली होती, आणि ते तिला बऱ्याच वर्षांनी कळलं होतं. आता ती वॉटर्लूच्या एका विमा कंपनीत संशयास्पद क्लेम तपासायची. गाडी खरंच आपटली की आपटवली, आग लागली की लावली, हे लोकांशी बोलून आणि फोटो बघून ओळखणं हे तिचं रोजचं काम. किचनरमध्ये सुनेत्राची तिच्याइतकी जवळची मैत्रीण दुसरी नव्हती.

"मला कोणाला तुरुंगात नाही टाकायचं," सुनेत्रा म्हणाली. "मला फक्त कळायला हवं. मी तिकडे लाइटिंग बघत फिरत होते आणि इकडे..."

"शैलेंद्र रोज फोटो पाठवायचा म्हणालीस. दाखव."

सुनेत्राने फोन दिला. रोज एक फोटो, खाली तेच वाक्य: बाबा मजेत आहेत. रविवारी निळा शर्ट, हातात चहाचा कप. सोमवारी चौकड्यांचा शर्ट. मंगळवारी स्वेटर. बुधवारी पांढरा सदरा, समोर चित्राचा कागद. गुरुवारी पुन्हा स्वेटर, वर शाल. प्रत्येक फोटोत बाबा किचनच्या टेबलाशी बसलेले, मागे डेककडची मोठी काच.

"व्हिडिओ कॉल?"

"मी म्हणत होते. शैलू म्हणाला, तुला पाहिलं की बाबा हट्ट करतात, घरी ये म्हणतात. देवेशलाही ते पटलं. म्हणून फोटोंवर भागवलं."

दीप्ती उठून काचेपाशी गेली. बाहेर डेकवर बर्फाचा थर होता. कोपऱ्यातला बार्बेक्यू अर्धा गाडला गेला होता, त्याचं काळं कव्हर जेमतेम दिसत होतं.

"सुनेत्रा, इथे स्नो स्टॉर्म कधी आलं माहीत आहे? मंगळवारी दुपारी. माझं ऑफिस लवकर सोडलं. रात्रभर पडलं, आणि तेव्हापासून एवढंही वितळलेलं नाही."

तिने बुधवारचा फोटो मोठा केला. बाबांच्या खांद्यामागे डेक दिसत होता. लाकडी फळ्या कोरड्या, बार्बेक्यूच्या पायाशी तपकिरी पानं साचलेली. गुरुवारच्या फोटोतही तेच.

सुनेत्राने फोन हातात घेतला. ती फोटो पुन्हा पुन्हा मागे-पुढे करत राहिली. पाचही फोटोंत बाबांच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची एकच बारीक खूण होती. पाचही फोटोंत काचेवर पडलेली दिव्याची तिरीप त्याच जागी होती.

"शर्ट बदलून बदलून," ती म्हणाली. "बाबांना शर्ट बदलायला लावून एका बैठकीत काढलेत हे. आणि मी प्रत्येकावर हार्ट टाकत होते."

बाबा आपल्या जागेवरून अचानक बोलले. "दार मला नंबर विचारत होतं."

दोघी वळल्या. साइड डोअरला कोडचं लॉक होतं, ओढून घेतलं की आपोआप लागायचं.

"मग काय झालं सर?"

"मला नंबर येत नव्हता. मग मुलगा आला. त्याने टोपी दिली." बाबांनी डोक्यावरची विणलेली निळी टोपी डाव्या हाताने चाचपली. "ही."

ती टोपी त्या घरातली नव्हती. सुनेत्राने ती रोज सकाळी अनुपच्या डोक्यावर पाहिली होती.

३

शैलेंद्र त्यांना कॉफी शॉपमध्ये भेटला. घरी यायला तो तयार नव्हता. दीप्तीने बुधवारचा फोटो उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने फोटो पाहिला, मग बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं.

"कुठे होतास शैलू?" सुनेत्राने विचारलं.

"ताई, ऐकून तर घे..."

"कुठे होतास?"

"कॉलिंगवूडला. आमच्या टीमने स्कीइंगसाठी डोंगरात शॅले भाड्याने घेतलं होतं. सगळे जाणार होते, आमचा नवा डायरेक्टरही. आधी एकाच दिवसासाठी ठरलं होतं, फोटो मात्र आठवडाभराचे काढून ठेवले, मुक्काम वाढलाच तर म्हणून. मग स्टॉर्ममुळे रस्ते बंद झाले."

"आणि बाबा?"

"फ्रिजमध्ये डबे करून ठेवले होते. प्रत्येकावर नाव लिहून. टीव्ही चालू ठेवला होता. बाबा दुपारी झोपतात, संध्याकाळी टीव्ही बघतात, कधी बाहेर पडत नाहीत. मला वाटलं..."

"डब्यांवर नाव लिहिलंस. त्यांना माझं नाव आठवत नाही शैलू."

शैलेंद्रने मान खाली घातली. लहानपणी फुलदाणी फोडल्यावर घालायचा तशी. सुनेत्राने त्याला अशा वेळी नेहमी पाठीशी घातलं होतं, आणि आताही तिचा हात सवयीने टेबलावरून पुढे जाऊ लागला. तिने तो मागे घेतला.

"स्टॉर्म आलं तेव्हा मी निघणारच होतो," तो पुढे म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी फोन आला की बाबा बाहेर सापडले. बुधवारी सकाळी रस्ता उघडला तसा पोचलो. बोटं सुजली होती फक्त. फार्मसीतून मलम आणून लावलं. मला खरंच वाटलं, उतरेल."

"हॉस्पिटलमध्ये का नाही नेलंस?"

"तिथे विचारलं असतं ना, घरात कोण होतं. त्यांनी तुला कळवलं असतं."

"आणि बुधवारी पोचल्यावरही मला जुनेच फोटो पाठवलेस?"

"हाताला पट्टी होती ताई. नवा काढला असता तर दिसली असती."

दीप्तीने आतापर्यंत कॉफीला हात लावला नव्हता. तिने विचारलं, "मंगळवारी फोन कोणाचा आला?"

"अं? अनुपचा. त्यालाच सापडले बाबा."

"तू अनुपला आधी भेटला होतास?"

"नाही. म्हणजे... एकदा असेल."

उत्तर द्यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. दीप्तीने पुढे काही विचारलं नाही. बाहेर गाडीत बसल्यावर मात्र ती म्हणाली, "त्याने सगळं कबूल केलं, स्वतःला दोषही दिला. पण फोन कोणाचा म्हटल्यावर अडखळला. अजून काहीतरी झाकतोय. आणि स्वतःसाठी नाही झाकत."

४

अनुपने दीप्तीचा फोन तिसऱ्या प्रयत्नात उचलला. ती घरासमोर उभ्या केलेल्या सुनेत्राच्या गाडीतूनच बोलत होती, स्पीकर चालू ठेवून. सुनेत्रा शेजारी आहे हे तिने सुरुवातीलाच सांगितलं.

"काकांच्या उजव्या हाताची बोटं कशी आहेत?" अनुपने आधी हेच विचारलं.

"तुला उजवा हात कसा माहीत?"

पलीकडे, लांबून स्कायट्रेनच्या स्टेशनवरची घोषणा ऐकू आली.

"अनुप, तूच त्यांना आत घेतलंस," सुनेत्रा म्हणाली. "तुझी टोपी त्यांच्या डोक्यावर आहे. मी तुझ्यावर रागावलेली नाही रे. काय झालं ते सांग."

"ताई, मी ऑफिसातून चालत आलो. बस बंद होती. काका साइड डोअरशी उभे, पायात चपला, अंगावर नुसता स्वेटर. एका हाताने लॉकची बटणं दाबत होते. दाबतच होते. बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी. मी आत नेलं, कोमट पाण्यात हात धरला. ते दुखून रडायला लागले. मी ॲम्ब्युलन्स बोलावणार होतो ताई, आईशपथ."

"मग का नाही बोलावलीस?"

"मला थांबायला सांगितलं."

"शैलेंद्रने?" दीप्तीने विचारलं.

"शैलेंद्र कोण? काकांचा मुलगा? त्यांचा नंबर माझ्याकडे कुठे आहे? मी तर..."

आणि अनुप बोलता बोलता थांबला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"ताई, मी शब्द दिलाय. प्लीज. तुमच्या घरातल्या गोष्टीत मला नका ओढू," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

गाडीच्या काचेवर वाफ धरली होती. वायपर उगीचच फिरत होता. सुनेत्राने तो बंद केला.

"अनुपने शैलूला फोन केला नाही," ती म्हणाली. "तरी शैलूला कळलं."

"हो. म्हणजे मध्ये कोणीतरी आहे. अनुपने त्याला फोन केला, त्याने अनुपला थांबवलं, आणि मग त्याने शैलेंद्रला कळवलं." दीप्ती तिच्याकडे न बघता म्हणाली, "सुनेत्रा, बेसमेंटचा हीटर बिघडला तर अनुप कोणाला फोन करतो?"

सुनेत्राने काचेवरची वाफ बाहीने पुसली.

"बरं, ते राहू दे. मला व्हिएन्ना सांग. मंगळवारपासून."

५

सुनेत्राने सांगायला सुरुवात केली ती अगदी यांत्रिकपणे, ऑफिसात रिपोर्ट द्यावा तशी. पण जसजसं ती सांगत गेली, तसतसं ते शहर तिच्यासमोर पुन्हा उभं राहिलं.

मंगळवारी अंधार पडल्यावर ते सिटी हॉलसमोरच्या ख्रिसमस मार्केटला गेले होते. झाडाझाडावर लाल बदामांचे दिवे, भाजलेल्या चेस्टनटचा वास, बर्फावर स्केटिंग करणारी पोरं. आठ वर्षांत पहिल्यांदा दोघंच कुठेतरी गेले होते. आई गेल्यावर बाबा आले, मग त्यांचं विसरणं सुरू झालं, आणि सुट्टी हा शब्दच घरातून गेला. ही ट्रिप देवेशने ठरवली होती. तिला निघायचं नव्हतं. "शैलेंद्र आहे ना, तोही मुलगाच आहे," असं तोच म्हणाला होता.

"मातीच्या मगांतून गरम वाइन घेतली. रात्रीचे साडेदहा-अकरा असतील, मार्केट मिटत आलं होतं. तेव्हा त्याला फोन आला. ऑफिसचा म्हणाला."

"तेव्हा इथे संध्याकाळ होती," दीप्ती म्हणाली. "अनुप घरी पोचला ती."

"तो लांब जाऊन बोलत होता. झाडांपलीकडे. एक झाला, मग त्याने दुसरा लावला. मी दोन्ही मग धरून उभी. परत आला तेव्हा वाइन गार झाली होती. म्हणाला, प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर बंद पडला होता, निस्तरलं. आणि मला मिठी मारली. तिथे, गर्दीत. तो कधी असं करत नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"मोठ्या चर्चमध्ये गेलो. तो आत थांबला, मेणबत्ती घेतली आणि लावली. मी हसले. घरच्या गणपतीसमोरही हात जोडत नाही हा माणूस. त्याला विचारलं कोणासाठी, तर म्हणाला, सहज."

ती थांबली. दीप्तीने गाडीचा हीटर जरा वाढवला.

"मग बाबांसाठी काहीतरी घ्यायचं होतं. मी बोटांचे ग्लोव्हज निवडले होते, करड्या रंगाचे, पातळ. बाबांना त्यात पेन्सिल धरता येते म्हणून. त्याने ते माझ्या हातातून काढून परत ठेवले. म्हणाला, ग्लोव्हज नको, मिटन्स घेऊ. आणि मोठे घे. मी म्हटलं, एवढा मोठा हात आहे का बाबांचा? तर म्हणाला, आत लोकर दाटते, मोठेच बरे."

काल दुपारी तो मिटन देवेशने स्वतः पट्टीवरून चढवला होता. सहज बसला होता तो. कुठेही अडकला नव्हता.

"त्याने पट्टीच्या मापाचे घेतले," सुनेत्रा म्हणाली.

दीप्तीने तिचा हात धरला. समोर एक शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. त्याने त्यांना ओळखून हात हलवला, आणि सुनेत्रानेही नकळत हात हलवला.

६

देवेश किचनमध्ये बाबांना खिचडी भरवत होता. फुंकर मारून, ओठांना चमचा लावून, हळूहळू. ते पाहून सुनेत्रा दारातच थबकली. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला पुढे जाणं जड झालं.

"अनुपशी बोलले मी," ती म्हणाली.

चमचा वाटीत टेकला.

"त्याने काही सांगितलं नाही. तुला दिलेला शब्द त्याने पाळला. मलाच कळलं."

देवेशने वाटी बाजूला ठेवली. नाकारायचा त्याने प्रयत्न केला नाही. एवढ्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखे त्याचे खांदे सैल झाले, आणि सुनेत्राला त्याचाच जास्त राग आला.

"मला वाटलं किरकोळ आहे. अनुप म्हणाला, हात पाण्यात धरलाय, बाबा बोलतायत. मी शैलेंद्रला फोन केला, तो म्हणाला सकाळी पोचतो. मग फोनवर म्हणाला, थोडी सूज आहे. सुनेत्रा, आपण तिथून काय करणार होतो?"

"मी ॲम्ब्युलन्स बोलावणार होते. अनुप बोलावतच होता. तू थांबवलंस."

"ॲम्ब्युलन्स आली असती तर हॉस्पिटलने तुला फोन केला असता. तू पहिल्या फ्लाइटने परत आली असतीस."

"हो."

"आणि मग पुन्हा कधीही बाहेर पडली नसतीस. मी ओळखतो तुला. एक आठवडा, फक्त एक आठवडा मला माझी बायको हवी होती. तू किती वर्षांनी तशी हसत होतीस, तुला माहीत नाही. मी ते बघत होतो आणि मला सांगवेना."

"मी हसत होते," सुनेत्रा म्हणाली, "कारण मला रोज सांगितलं जात होतं की बाबा मजेत आहेत. तुला ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि तू माझं हसू बघत बसलास. मेणबत्ती लावलीस, पण फोन नाही लावलास."

"चुकलो मी."

"काल इमर्जन्सीत, डॉक्टरसमोर, तू अनुपचं नाव घेतलंस. ज्याने त्यांना वाचवलं त्याचं. तेही चुकून?"

देवेश काहीतरी म्हणणार इतक्यात बाबांनी टेबलावर डाव्या हाताने टकटक केलं. "काहून थांबला तू? खिचडी आण ना," ते त्याला म्हणाले. त्यांना अजून भूक होती. देवेशने वाटीकडे हात नेला, पण सुनेत्राने ती आधी उचलली, खुर्ची ओढून बाबांजवळ बसली आणि पहिला घास स्वतः भरवला. देवेश थोडा वेळ उभा राहिला, मग वर निघून गेला.

७

फेब्रुवारीत ऑपरेशनची तारीख मिळाली. दोन्ही बोटांची वरची पेरं काढावी लागणार होती.

मधल्या काळात शैलेंद्र दोनदा आला, दारात रडला, आणि सुनेत्राने त्याला बाबांना भेटू दिलं, पण एकट्याला नाही. अनुप सरेहून परत आला तेव्हा बेसमेंट सोडायचं म्हणत होता. तिने त्याला सोडू दिलं नाही. देवेश घरातच होता, वरच्या खोलीत. ग्रोसरी आणायचा, बाबांच्या अपॉइंटमेंटना गाडी चालवायचा, काही विचारलं तर खरं सांगायचा. तिला त्याचं प्रत्येक खरं तपासून बघावंसं वाटायचं, आणि ही नवी सवय तिला स्वतःलाच आवडत नव्हती. पुढे काय, हे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी काउंटरवरची नर्स बाबांची माहिती विचारत होती. नाव, जन्मतारीख, औषधं, ॲलर्जी. सुनेत्रा एकेक सांगत होती. देवेश तिच्या मागे बाबांचा कोट हातावर घेऊन उभा होता.

"तुम्ही मुलगी. तुमचा फोन लागला नाही, तर इमर्जन्सीत कोणाला कळवायचं?"

बाबा कॅनडात आल्यापासून या प्रश्नाला तिचं उत्तर एकच होतं. आताही तिने ते द्यायला तोंड उघडलं. मागे कोटाची सळसळ झाली. देवेश अर्धं पाऊल पुढे आला होता, खिशातला फोन काढत, नंबर सांगायच्या तयारीने.

"दीप्ती कांबळे," सुनेत्रा म्हणाली.

"नातं?"

"मैत्रीण."

नर्सने ते टाइप केलं. देवेश जिथे होता तिथेच थांबला. मग त्याने फोन परत खिशात ठेवला, आणि बाबांचा कोट दुसऱ्या हातावर घेतला.